चार पेल्यांतलं अस्तर

ओरुरो, ८ जानेवारी

प्रिय बाबा,

नमस्कार. आशीर्वाद असू द्या. इलारिओनकाकांचा गुडघा कसा आहे? इथे रोज दुपारी गारा पडतात, छपराचा पत्रा नुसता ठणठणतो. तुमचा ट्रम्पेट मी दर रविवारी पुसून ठेवते. शेजारीण विचारते, "वाजवणारा कधी येतोय?" मी सांगते, "येतोय."

काकूंनी कळवलं, तुम्ही कवळी डब्यात बंद करून ठेवलीय आणि वाळवलेले बटाटे सूपमध्ये कुस्करून खाता. सुक्या मांसाला हातही लावत नाही. कोकाची पानंही वर्षभर तोंडात घातली नाहीत म्हणे. तीस वर्षं खाणीत ज्या पानांवर काढलीत, ती!

ते वाचून मी ताडकन उठले आणि कामाला लागले. कवळ्या बनवणारी बाई मी, मला दुसरं काय येतं? कवळीच्या तुकड्यांवर मऊ अस्तर बसवून चार पट्ट्या केल्या. दोन पट्ट्यांना अस्तराखाली चिकटवण लावली, दोन पट्ट्यांना नाही. मग चार पेले मांडले. दोन पेल्यांत कोका आणि तुम्ही पानांबरोबर खाता ती राख उकळून ओतली, दोन पेल्यांत नुसतं उकळलेलं पाणी. प्रत्येक पाण्यात एक चिकटवलेली, एक न चिकटवलेली पट्टी. नोव्हेंबरातल्या मृतांच्या सणापासून आजपर्यंत रोज पाणी बदललं.

आज सकाळी चारही बाहेर काढल्या. कोकात बुडालेली चिकटवलेली पट्टी काळवंडलीय, जराशी कडकही झालीय, पण नखानं ओढलं तरी अस्तर सुटत नाही. न चिकटवलेल्या दोन्ही पट्ट्यांचं अस्तर सालीसारखं निघून आलं. नुसत्या पाण्यातलंसुद्धा, बाबा.

आता आडून आडून सांगण्यात अर्थ नाही. गेल्या वर्षी कार्निवलच्या आधी ला पास शहराकडचा रस्ता आंदोलकांनी नऊ दिवस अडवलेला होता, आठवतं? माझी चिकटवणीची बाटली संपली होती आणि नवी त्या अडवणुकीत अडकली होती. शनिवारी मिरवणूक, गुरुवारी तुम्ही खुर्चीत बसलात. थांबा म्हणायला हवं होतं. मी नाही म्हटलं. तसंच अस्तर बसवलं. दिसायला सुरेख दिसत होतं.

आणि भर मिरवणुकीत ते सुटलं. खालची कवळी घसरली, ट्रम्पेट चिरकला. बँडप्रमुख फोर्तुनातो सगळ्यांसमोर ओरडले, "एवारिस्तो, ट्रम्पेट वाजवतोयस की कुकर?" सगळे हसले आणि मी, तुमची मुलगी, पुढे होऊन म्हणाले, "कितीदा सांगितलं यांना, कोका सोडा म्हणून! ती राख अस्तर खाते."

तुम्ही गालातली पानं काढून फेकलीत आणि ट्रम्पेट छातीशी धरून, न वाजवता, देवळाच्या दारापर्यंत चालत गेलात. "तीन वर्षं देवीसमोर वाजवण्याचा माझा नवस मोडला," असं म्हणून गावी निघून गेलात.

चूक तुमच्या पानांची नव्हती. माझी होती, आणि मला तेव्हाच ठाऊक होतं.

परवाच्या तालमीत मी बँडसमोर ही चूक कबूल केली. फोर्तुनातो म्हणाले, "मग बाई, त्या बिचाऱ्याची पानं का सोडवलीस?"

"लाज वाटली म्हणून."

"आणि आता?"

"आता जास्त वाटतेय. तरी सांगतेय."

त्यांनी पहिल्या रांगेत तुमची जागा रिकामी ठेवलीय. देवीसमोरही मी जाऊन आले. म्हटलं, मोडलेलं वर्ष माझ्या नावावर लाव, त्यांच्या नको. तीन वर्षांतलं तिसरं वर्ष यंदाचं आहे, ते त्यांना वाजवू दे.

कार्निवलच्या तीन आठवडे आधी या. नव्यानं माप घेईन. चिकटवणीच्या दोन बाटल्या कपाटात आहेत, मग रस्ता कुणी कितीही अडवो. खोटा शब्द मात्र देणार नाही: नीट बसवलेलं अस्तरही वर्ष-दीड वर्षात कडक होतं. झालं की काढेन, नवं बसवेन. जोवर तुम्ही फुंकताय, तोवर बसवेन.

सोबत कापडी पिशवी पाठवलीय. पानं ताजी आहेत, राखही आहे. आजच काढा आणि डाव्या गालात ठेवा, नेहमीसारखी.

तुमच्यावर आळ घेणारी आणि तुमची वाट बघणारी,
बेनिता