परसातला तिसरा कॅमेरा

५ नोव्हेंबर, मंगळवार

भरदिवसा! फाट्याजवळच्या रखमाजी आबांच्या घरी. मोटरसायकलवर दोघं आले, "आजी, पाणी मिळंल का?" म्हणाले. आजी तांब्या आणायला वळली आणि मागून बोरमाळ ओढली. मान सुजलीय, बोलता येत नाही. मी येताना बघून आले.

आमच्या आत्यांच्याही गळ्यात बोरमाळ. वय एकोणऐंशी. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत घरात एकट्या. मी बेगडेवाडीला कंपनीत, हे कंटेनर घेऊन चेन्नईच्या वाटेवर, लेक प्रेरणा पुण्याला नर्सिंगच्या होस्टेलवर. घर गावाच्या टोकाला, मागे नुसती भातखाचरं. आणि दार कायम सताड उघडं!

म्हटलं, "आत्या, उद्यापासून दिवसा कडी लावून बसायचं."

"दिवसाउजेडी दार लावायला आमी काय गाव सोडून गेलोय व्हय?"

सासूबाईंपुढे मी बोलून काय उपयोग!

६ नोव्हेंबर, बुधवार

ह्यांना फोन केला. "कॅमेरे लाव. पंधरा हजाराच्या आत बसव, बाकी तुला कळतंय." मला काय कळतंय? मला पॅकिंगमधलं कळतं!

जेवणाच्या सुट्टीत समीक्षाला विचारलं, ती माझ्याच लाइनवर असते. तिच्याकडे बल्बसारखा होल्डरमध्ये फिरवून बसवायचा कॅमेरा आहे. स्वस्त आणि मस्त म्हणे. म्हटलं, त्यातलं रेकॉर्डिंग कुठं राहतं? तर त्यातच, कार्डावर. म्हणजे चोराने कॅमेराच उचलून नेला तर पुरावाही त्याच्याबरोबर गेला! समीक्षा म्हणाली, "तू फार विचार करतेस." करते. कुणीतरी करायला पाहिजे.

७ नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी. लोणावळ्याला जाऊन तीन दुकानं पालथी घातली. दोन ठिकाणी मला बघून "साहेब नाही आले?" असं विचारलं. तिसऱ्या दुकानातला संदेश नीट बोलला. आधी विचारलं, "ताई, चोर नुसता बघायचाय का ओळखायचाय?" दोन मेगापिक्सलमध्ये माणूस आला एवढं दिसतं, चारमध्ये तो कोण ते दिसतं. हे मला पटलं.

त्याचं म्हणणं, वायफायचे घेऊ नका, नेट गेलं की बसा बोंबलत. वायरचे घ्या, एकाच वायरमधून करंटही जातो आणि चित्रही येतं. चित्र, आवाज, सगळं एका रेकॉर्डरमध्ये साठतं, तो कपाटात लपवायचा. चार कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर घ्या, लावा तीन, पुढे वाढवता येतो. पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं, मग जुनं पुसून नवं. वर छोटा यूपीएस, कारण लाईट आपल्याकडे कधी जाईल सांगता येत नाही. आणि परसातल्या कॅमेऱ्याला स्पीकर — फोनवरून बोललं की तिथं ऐकू येतं.

स्पीकर ऐकून मला फार धीर आला. निदान ओरडता तरी येईल!

९ नोव्हेंबर, शनिवार

यादी तिसऱ्यांदा फाडली. फाटक, ओटी, परस. का फाटक, ओटी, स्वयंपाकघर? प्रेरणा फोनवर चिडली, "आई, घरात नको हं. आजीचीही काही प्रायव्हसी आहे." बरं बाई.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

लागले एकदाचे. संदेश शिडीवर, खाली आत्या चहा घेऊन उभ्या.

"ह्यो डोळा मिटतो कवा?"

"मिटतच नाही आजी."

"मग लय वंगाळ."

तेवढ्यात चिमाबाई परसातून आली. वरच्या वाडीवरची. आत्या आणि ती चाळीस वर्षं एकमेकींच्या भाताच्या आवणीला उभ्या राहिल्यात, एकीचा पाय मुरगळला तर दुसरी लंगडते अशी गत. रोज साडेदहाला जळणाचा भारा घेऊन डोंगरावरून उतरते, ढाब्यावर द्यायच्या आधी आमच्या मागच्या दाराने आत येते, अर्धा तास चहा, मिश्री आणि दोघींच्या गप्पा. आज मात्र ती फणसाखालीच थांबली. आत्या म्हणाल्या, "ये गं, फोटू काढत्यात!" ती नुसती हसली. पदर पुढे ओढला आणि आल्या पावली गेली.

खरं इथंच लिहिते, दुसरीकडे कुठं लिहिणार. मला आत कुठंतरी बरंच वाटलं. घरात बोरमाळ, दार उघडं, आणि रोज कुणी ना कुणी आत-बाहेर. चिमाबाईवर संशय नाही. पण ती कधी येते, कधी जाते, तिच्यामागे कोण येतं, मला काय ठाऊक? आता ठाऊक राहील.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन कंपनीच्या गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. दहाला चहाची दहा मिनिटं, साडेबाराला जेवणाची अर्धा तास, तेवढंच काय ते बघायला मिळतं. आज चहाला फोन उघडला तर एकसष्ट सूचना! "व्यक्ती आढळली", "व्यक्ती आढळली". माझ्या काळजाचं पाणी पाणी. सगळ्या आत्याच! धुणं, कोंबड्या, धुणं, पुन्हा कोंबड्या. दोनदा कोंबडीच व्यक्ती म्हणून आढळली.

सूचना बंदच करून टाकल्या. नाहीतर मी वेडी होईन.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आत्या कॅमेऱ्याखाली उभं राहून विचारतात, "जेवलीस का गं?" मला उत्तर द्यायला स्पीकर आहे, पण मी तेव्हा लाइनवर असते. हे मला संध्याकाळी रेकॉर्डिंगमध्ये दिसलं. एकटीच बसून हसले.

१८ नोव्हेंबर, सोमवार



दहाच्या चहाला फोन उघडला. परसात एक बाई पाठमोरी, खाली वाकलेली, डोक्यावरून पदर, हातात पोतं. आत्या कुठंच दिसेनात. डोळ्यांपुढे रखमाजी आबांच्या घरची सुजलेली मान! मी स्पीकरचं बटण दाबलं आणि ओरडले, अख्खं कॅन्टीन वळून बघेपर्यंत ओरडले — "ए! कोण गं तू? ठेव ते खाली! चोर कुठली! पोलीस बोलवते, थांब!"

बाईने पोतं टाकलं. वर बघितलं. चिमाबाई.

आज जरा लवकर उतरली होती. बटण तसंच दाबलेलं होतं. "चिमाबाई, मी आहे," एवढं म्हणायला काय झालं होतं? ती गेलीसुद्धा. चहाची वेळ संपली, फोन लॉकरमध्ये.

घरी आले तर पोतं तिथंच. आत वालाच्या कोवळ्या शेंगा. आमच्यासाठी! आत्या आंघोळीला गेल्या होत्या, त्यांनी काही ऐकलं नाही. "चिमा शेंगा टाकून तशीच कशी गेली म्हनावं?" मी म्हटलं, घाईत असेल.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

चिमाबाई आली नाही.

गुरुवारी सुट्टी, वाडीवर जाते. पायाच पडते तिच्या. साडी नेऊ का? नको, लाच दिल्यासारखी दिसेल.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

हे पहाटे आले, उद्या परत निघणार. मटण, भाकरी, कपड्यांचा ढीग. वाडीवर जायचं राहिलं. राहिलं कसलं — मी राहू दिलं. ह्यांना सांगितलंच नाही. कॅमेरे बघून खूश झाले, "झकास काम केलंस" म्हणाले. ते ऐकून जास्तच लाज वाटली.

२४ नोव्हेंबर, रविवार

आत्या मागच्या दारात दोन कप मांडून बसलेल्या. मी कामावरून आले तरी ते कप तिथंच.

"चिमा येत न्हाई गं. आठवडा झाला. काय दुखनंबिखनं लागलं का काय?"

"भातकापणी चालू आहे ना आत्या. मजुरीला जात असेल."

"कापनीतबी यायची. इळा घेऊन यायची, पर यायची."

आता सांगते, आता सांगते करत भाकऱ्या थापल्या. सांगितलं नाही. मी भित्री आहे. चोराला भिते, सासूला भिते, आणि एका डोंगरावरच्या बाईच्या डोळ्याला डोळा द्यायलाही भिते. येत्या गुरुवारी नक्की. काही झालं तरी.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून आत्या पुढच्या दाराला कडी लावतात. "तू म्हनतीस तर लावते. तसंबी येतंय कोन?"

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आत्या पडल्या.

दहाच्या चहाला बघितलं तेव्हा परसात भात वाळत घालत होत्या, ठीक होत्या. साडेबाराला उघडलं तर धुण्याच्या दगडाजवळ त्यांचे पाय. बाकीच्या दगडाआड. पाय हलत नव्हते. एक कोंबडी भातात चरत होती आणि कुणी हाकलत नव्हतं.

स्पीकरवरून ओरडत राहिले, "आत्या! आत्या!" हात जरासा हलला. शेजारी राजेंद्र भावोजींना फोन लावला, ते खाचरात, उचलेनात. चौथ्यांदा उचलला. पुढच्या दाराला आतून कडी! मागून वळसा नको म्हणून कंपाउंडवरून उडी टाकून परसात गेले. कंपनीतल्या एकाने मला मोटरसायकलवरून थेट तळेगावच्या दवाखान्यात आणलं, त्या आधीच पोचल्या होत्या.

खुब्याचं हाड मोडलंय. दोन तासांहून जास्त वेळ उन्हात पडून होत्या. पाणी पाणी करत होत्या.

२७ नोव्हेंबर, बुधवार

उद्या ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, त्यात एवढा वेळ पडून राहिल्याने किडनीवर ताण आलाय. "घरात दिवसभर कुणीच नसतं का?" त्यांनी सहज विचारलं. कॅमेरे आहेत, असं माझ्या तोंडून निघालं. तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

हे आंध्रात कुठंतरी आहेत, गाडी मालकाच्या ताब्यात देऊन निघतो म्हणाले. प्रेरणा आली. आजीचा हात सोडत नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्या, पण डोळे मधूनच फिरवतात. आज गुरुवार. वाडीवर जायचा वार.

कानाशी वाकले तर म्हणाल्या, "चिमानं हाक मारल्यावानी वाटलं गं मला. पडले तवा. मी वरडले, पर आवाजच न्हाई निगाला." प्रेरणा म्हणाली, औषधाने असे भास होतात, आई. असेल भास. पण सूचना बंद होत्या, आणि मी अजून रेकॉर्डिंग बघितलेलं नाही. बघायची हिंमत होत नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

संदेशला फोन करून रेकॉर्डिंग मागे कसं न्यायचं ते विचारलं. परसातला कॅमेरा — दहा बावीसला आत्या पडल्या. फाटकाचा कॅमेरा — दहा सत्तेचाळीस, चिमाबाई. मागून आली नाही, पुढून आली. फाटकाबाहेर उभी राहून आत्यांना "अंबू! ए अंबू!" अशी दोनदा हाक मारली. वाट बघितली. एक हात फाटकाच्या कडीवर ठेवला. मग तिला कॅमेरा दिसला. तिने कडी सोडली, डोक्यावरचा भारा खाली ठेवला, दोन्ही हात वर करून रिकामे तळवे कॅमेऱ्याला दाखवले. मग भारा उचलला आणि निघून गेली.