पिरनवाडीचं ऊर्जा-संक्रमण आणि भिंतीपलीकडचा बंब

पिरनवाडी, बेळगाव
श्रावणातला कुठलातरी ढगाळ वार

चि. श्रद्धा हिला आण्णाकाकाचा जय जिनेंद्र आणि पोटभर आशीर्वाद.

तू खुशाल असशील अशी आशा आहे. ब्रुसेल्सला उन्हाळ्यात दिवस रात्री दहाला मावळतो, तर तू दहापर्यंत जेवत बसतेस की काय, असं तुला विचारायला काकूनं सांगितलं होतं. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा आपल्या घरचा नियम खरा, पण नियम करणाऱ्यांपुढं निपाणीचा सूर्य होता, तुमचा नव्हता, असं तिचं म्हणणं. (हे तिनं ज्येष्ठात विचारायला सांगितलं होतं. सध्या ती मला काहीच सांगत नाही. का, ते पुढं येईल.) माझी तब्येत उत्तम आहे. उत्तम म्हणजे सर्दी आहे, थोडा खोकला आहे आणि डावा कान बंद आहे, पण उजव्या कानानं ऐकण्यासारखं घरात सध्या कुणी नसल्यामुळं अडत नाही.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तुला वाटेल. आपल्या आणि शेजारच्या भावकूच्या परसातली भिंत कमरेएवढी आहे आणि मी फोनवर वर्गात शिकवल्यासारखा बोलतो. मला जे सांगायचंय ते भावकूला कळायला नको आहे. म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो तुला धाडतोय.

तर गेल्या दिवाळीत तू आलीस आणि तिकडच्या ऊर्जेच्या ऑफिसात तुझं काम काय ते आम्हा दोघांना समजावून सांगितलंस, तिथून हे सगळं सुरू झालं. (तुझ्यावर खापर फोडत नाही. फोडलंच, तर पत्राच्या शेवटी फोडीन.) मी हायस्कुलात जन्मभर युरोपचा भूगोल शिकवला. माझा युरोप म्हणजे रूरचं खोरं, सायलेशिया आणि कोळसा. नकाशात कोळशाचा काळा ठिपका चुकला की पोरगं बाकावर उभं. तू म्हणालीस, काका, ते ठिपके आता पुसायला लागलेत. ज्या ब्रिटननं जगाला कोळसा जाळायला शिकवलं, त्यानं कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र बंद केलं, जर्मनीनं फार तर २०३८ पर्यंतची मुदत घेतली, पोलंड त्याच्याही पुढची मागतं, आणि तिकडं सूर्याची वीज कोळशाच्या विजेच्या पुढं गेली. मला त्या रात्री झोप आली नाही. ज्यांना बाकावर उभं केलं ती पोरं आता पन्नाशीला आली आहेत, त्यांना काय तोंड दाखवू? शेवटी ठरवलं, की युरोपानं जे केलं ते पिरनवाडीत आपल्या घरापुरतं आपण करून दाखवायचं.

आपल्या घरातलं औष्णिक वीजकेंद्र म्हणण्यासारखं एकच, न्हाणीतला तांब्याचा बंब. काकूबरोबर तो तिच्या माहेराहून, निपाणीहून आला. पहाटे ती तो पेटवणार, आंघोळ करून बस्तीत देवाच्या दर्शनाला जाणार, तोवर माझं पाणी कढत. त्याचं इंधनही निपाणीचंच. तुझ्या काकूचा भाऊ वृषभ शेतातली तंबाखूची धसकटं पोत्यांत भरून टेम्पोनं पाठवायचा. पाठवायचा म्हणजे स्वतः घेऊन यायचा आणि पोतं उतरवताना गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचा, "दाजी, आणलं बगा तुमचं पेट्रोल. आमी न्हाय दिलं तर तुमी पारोसंच बसशिला!" एकाच देशाच्या गॅसवर विसंबल्यामुळं २०२२ साली युरोपची कशी कोंडी झाली, हे तू सांगत होतीस तेव्हा काकूनं चार प्रश्न विचारले. मला एकही विचारावा लागला नाही. माझ्या डोळ्यांपुढं वृषभ उभा होता.

अक्षय तृतीयेला काकू बस्तीत गेली असताना मी संक्रमण उरकलं. तुमच्याकडं असल्या निर्णयाआधी वर्षानुवर्षं चर्चा चालते, लोकांचं म्हणणं ऐकून घेतात आणि त्यातच निम्मा काळ जातो, असं तूच हसत सांगितलं होतंस. मी ती चूक केली नाही. मष्णू नावाच्या माणसानं स्लॅबवर काचेच्या नळ्यांचा सोलर हीटर बसवला. ढगाळ दिवसांसाठी आत विजेची कॉइल टाकू का, असं तो विचारत होता. मी त्याला खाली बसवून विचारलं, वीज येते कुठून? रायचूरकडं कोळसा जाळूनच ना? मग तोच कोळसा मागच्या दारानं घरात घ्यायचा का? मष्णू म्हणाला, "तुमची मर्जी, सर. पावसाळ्यात माज्या नावानं वरडू नका म्हंजे झालं." (मी ओरडलेलो नाही, याची नोंद घ्यावी. ओरडायला घसा लागतो.)

बंब भिंतीवरून भावकूला दिला, उरलेल्या धसकटांसकट. देताना छोटंसं भाषणही केलं. हे यंत्र गेल्या शतकातलं आहे, इतिहासानं त्याला निरोप दिला आहे, असं काहीतरी बोललो. भावकू भात आणि भाजीपाला पिकवणारा माणूस, त्यानं बंबावर टिचकी मारून बघितली. म्हणाला, "सर, युरोपाचं मला काय बी कळत न्हाय, पर तांबं लई चांगलं हाय."

काकू बस्तीतून आली, न्हाणीत गेली, बाहेर आली. मी तिला वर नेऊन नळ्या दाखवल्या. बंब पेटवणं हे तिचं काम गेल्यामुळं नव्या कामाचं शिक्षण द्यायला हवं (तुमच्याकडं खाणकामगारांना देतात तसं), म्हणून टाकीवरचा तापमानाचा काटा वाचायला शिकवतो म्हणालो. तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "आणि चहा कशावर करायचा? गच्चीवर उन्हात ठेवू?" मी चहा हे क्षेत्र धोरणातून वगळलं. आंघोळीचं पाणी गॅसवर ठेवायला मात्र मनाई केली, कारण गॅस तरी कुठला? जमिनीखालचाच.

वैशाखात यशाचा कळस झाला. टाकीत पाणी उकळत होतं आणि वैशाखात उकळतं पाणी हवंय कुणाला? तिकडं भर दुपारी सूर्याची वीज इतकी होते, की विजेचा भाव शून्याच्या खाली जातो आणि वीज घ्या म्हणून वरती पैसे द्यावे लागतात, असं तू सांगितलंस तेव्हा मला ते थापेसारखं वाटलं होतं. वैशाखात मी स्वतः गल्लीत गरम पाण्याच्या बादल्या घेऊन फिरलो. कुणी घेईना. शेवटी पाण्याबरोबर चहा देतो म्हणालो, तेव्हा दोघंजण आले. चहा पिऊन गेले, बादल्या तिथंच.

मग पाऊस लागला. बेळगावचा पाऊस तुला माहीत आहे. पिरनवाडीत तर सूर्य गावाला गेल्यासारखा जातो, कधी येणार ते सांगून जात नाही. काटा खाली खाली येत राहिला आणि तो वाचायला आमच्यात मीच एकटा शिकलेला. साठवणूक हाच यावरचा उपाय, हे तुझं वाक्य आठवून घरातले सगळे थर्मास गोळा केले. कधीतरी दुपारी ऊन डोकावलं की ते भरून ठेवायचे आणि पहाटे काकूला द्यायचे. थर्मासनं आंघोळ करणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर कसले भाव असतात, ते लिहिण्यापुरतं माझं मराठी चांगलं नाही.

शेवटी आयात सुरू करावी लागली. शेजारी देशांनी तारा जोडून अडचणीच्या वेळी एकमेकांना वीज द्यायची, ही तुमची व्यवस्था मला फार आवडली होती. इथं तार नव्हती, बादली होती. पहाटे मी भिंतीशी रिकामी बादली ठेवायची आणि भावकूनं ती भरून द्यायची. माझ्याच बंबातलं पाणी, माझ्या मेहुण्याच्या धसकटांवर तापलेलं. धूर आता भावकूच्या परसातून निघायचा आणि वारा पश्चिमेचा असल्यामुळं यायचा आमच्याच खिडकीतून. पण कागदोपत्री आपलं घर धूरमुक्त होतं, आणि धोरणाच्या दृष्टीनं तेवढं पुरतं, असं मी स्वतःला समजावलं.

पहिली बादली मी तिच्यासाठी न्हाणीत नेऊन ठेवली. पाणी कुठून आणलं, तिनं विचारलं. मी सांगितलं. ती बादली बाजूला सारत म्हणाली, "माझ्या आईनं दिलेल्या बंबातलं पाणी मी आता शेजाऱ्याकडनं मागून घेऊ?" गार पाण्यानं आंघोळ केली, बस्तीत जाऊन आली आणि निपाणीची एसटी धरली. जाताना एकच सांगितलं, बंब होता तिथं बसला की कळवा, नाहीतर यंदा दशलक्षण पर्व मी निपाणीच्या बस्तीतच करीन.

श्रद्धा, लग्न झाल्यापासून ते दहा दिवस आम्ही एका घरात नाही असं कधी झालेलं नाही. पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी तिला मला क्षमा करावीच लागेल, तो धर्म आहे. पण ती निपाणीतून करेल आणि मी इथं भिंतीशी बादली घेऊन उभा राहून ती स्वीकारीन, हे काही बरं दिसत नाही. स्वयंपाकाचं म्हणशील तर दिवस मावळायच्या आत मी जेवतो. भात आणि लोणचं. दोन्हींत भात जरा कच्चा असतो.

मी निपाणीला फोन केला होता. वृषभनं उचलला. आक्का आंघोळीला गेलीय म्हणाला. मी जरा टोचूनच विचारलं, धसकटं पेटवली असतील? तर म्हणतो कसा, "छ्या! आमच्यात सोलर हाय की, दाजी. लई वर्सं झाली. म्हणून तर धसकटं उरत्यात, तीच तुमाला देतोय न्हवं." (मी सासुरवाडीला मुक्काम करत नाही, मानी माणूस आहे, त्यामुळं त्यांच्या न्हाणीत काय आहे हे मला कधी कळलं नाही.) मग पावसात काय करता? "पावसात बंब पेटवायचा. त्यो काय आमी काढून टाकलाय व्हय?" आणि मागून कुणीतरी बाई हसली. तो आवाज मी ओळखतो.

तुझ्या ऑफिसात कुणी विचारलं, तर भारतात संक्रमण जोरात आहे असं सांगायला हरकत नाही. तुझ्या आई-बाबांना नमस्कार सांग. यातलं काही सांगू नकोस.

तुझा,
आण्णाकाका

ता. क. १ : मुख्य काम राहिलंच. मला बंब परत हवा आहे, पण भावकूपुढं इतिहासाचा निरोप वगैरे बोलून बसल्यामुळं मागता येत नाही. २०२२ साली जर्मनीनं राखीव ठेवलेली कोळशाची केंद्रं पुन्हा चालू केली, असं तूच सांगितलं होतंस. तेव्हा तुझ्या ऑफिसच्या कागदावर मला एक पत्र पाठव, की युरोपातला अनुभव पाहता जुनी साधनं एकदम मोडीत न काढता राखीव ठेवावीत, सबब पिरनवाडी येथील तांब्याचा एक नग बंब मूळ जागी बसवण्यात यावा. म्हणजे मी मागितला असं होणार नाही, वरून हुकूम आला असं होईल. काकूलाही तेच पत्र दाखवता येईल.

ता. क. २ : पत्र इंग्रजीत असू दे. "काकांनी सांगितल्यावरून" हे शब्द कुठंही नकोत. खाली गोल शिक्का असला तर फारच बरं, भावकूला शिक्क्याबद्दल आदर आहे.

ता. क. ३ : वरचं लिहून झाल्यावर, पाऊस जरा थांबलाय म्हणून बादली घेऊन भिंतीशी आलो. इकडचं तिकडचं बोललो आणि सहज विचारलं, परदेशातून एखादा सरकारी कागद आला तर तू तो मानशील का? भावकू पाणी ओतता ओतता हसायला लागला. "कागुद कशाला, सर? बंब तुमचाच हाय. पर आक्कांचा फोन आलता निपाणीस्नं. म्हणाल्या, सरांनी सोत्ताच्या तोंडानं मागितल्याबिगर द्यायचा न्हाय. मला न इचारता काढला, निदान मागून तरी आणू दे त्यास्नी." कधी आला होता फोन? "त्या गेल्या न्हवं, त्येच्या दुसऱ्याच दिशी." म्हणजे इतके दिवस हा माणूस सगळं ठाऊक असून रोज माझी बादली भरतोय आणि पावसापाण्याच्या गप्पा मारतोय.

तेव्हा शिक्क्याचं राहू दे. फक्त एवढंच कळव, की बंद केलेलं केंद्र पुन्हा सुरू करायची वेळ आली, तेव्हा तिकडच्या मंत्र्यांनी पहिलं वाक्य काय म्हटलं? मराठी मी करून घेईन. जमेल तितक्या लवकर कळव. हे मी भिंतीवरच कागद ठेवून लिहितोय आणि भावकू पलीकडं उभा आहे. त्याला काही घाई नाही म्हणतो, पण पाणी निवत चाललंय.