दोन उजेड

ग्लासगो, ६ ऑगस्ट १९२८

॥ श्री ॥

ती. सौ. यमुनावहिनींस रघूचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी खुशाल आहे. बोट दुरुस्तीला लागली आहे. येताना स्कॉटलंडच्या वर, दादांची बोट लढाईत बुडाली त्याच दर्यात, एक पाहिलं. सूर्य बुडून दोन तास झालेले. उत्तरेला रुपेरी निळे ढग, ओहोटीनंतरच्या पुळणीवरल्या वाळूसारखे लहरींचे, आत दिवा लावल्यासारखे. मागून हिरवा उजेड उठून पडद्यासारखा हलू लागला. आम्हा खलाशांचा मुकादम, म्हातारा सारंग, म्हणाला की तीस वर्षांत दोन्ही निरनिराळे पाहिले, एकत्र कधी नाही. माझ्याबरोबरचा खलाशी, हर्ण्याचा रामा, आधी थट्टा करत होता, की देवाने जाळी वाळत घातली. मग त्यानेच समोर हात केला. दोन उजेडांच्या मधे माणूस उभा होता, हात हलवून बोलावत होता.

वहिनी, ते दादाच. बेपत्ता होऊन बारा वर्षं भरली म्हणून त्यांचा अंत्यविधी ठरवलाय, तो थांबवा. मी परतीच्या बोटीवर चढत नाही. इथल्या मच्छीमारांबरोबर उत्तरेला शोधायला जातो.

माया आहे तशीच राहो.
आपला रघू

पूर्णगड, १ सप्टेंबर १९२८

चि. रघूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. गुरुजींकडल्या मासिकात आहे, की आपल्याला मावळलेला सूर्य फार उंचावरच्या ढगांना दिसत असतो, म्हणून ते उजळतात. हिरवा उजेड निराळा, ध्रुवाकडचा.

त्या माणसाचं मासिकात नाही. ते मला ठाऊक आहे. बोट बुडाली त्या वर्षी हे मलाही खाडीच्या तोंडाशी दिसले, असाच हात हलवताना. मी छातीइतक्या पाण्यात गेले. शेजारच्या सखूने केस धरून ओढलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुला पोहायला शिकवताना कमरेला दोर बांधणारा माणूस आपल्याला पाण्यात बोलावील का? ते नव्हते, रघू.

दर्भाच्या पुतळ्याला अग्नी तुझ्याच हातचा हवा. कुंकू रिवाजापायी लावते, मनाने केव्हाच पुसलंय. घरात एक पुतळा पुरे, दुसरा तुझा नको. मुकाट्याने बोटीवर चढ, आणि साहेबासारख्या मिशा ठेवून येऊ नकोस.

तुझी वाट पाहणारी,
यमुना

ग्लासगो, २५ सप्टेंबर १९२८

ती. वहिनींस साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र आलं तेव्हा माझी वळकटी मच्छीमारांच्या बोटीवर चढली होती. ती उतरवली.

रामाला पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, की त्यालाही दादाच दिसले ना. तो म्हणाला की दादांना त्याने कधी पाहिलेलंच नाही. त्याला तिथे उभा दिसला तो मी होतो. माझाच सदरा, माझीच टोपी. आणि मी तर तेव्हा त्याच्या शेजारी होतो.

परवा निघतो, कार्तिकात पोचेन. अग्नी मीच देईन. भटजींना मात्र बजावून ठेवा, दादांचं नाव मोठ्याने आणि स्पष्ट घ्या म्हणावं, पुतळा कुणाचा त्यात घोटाळा नको.

आशीर्वाद असू द्यावा.
आपला रघू