वाराचं ताट

२५ मे, शनिवार

आलो एकदाचे. सामानाचा टेम्पो घेऊन ओंकार पेणवरून रस्त्यानं आला. मी आणि पूर्वी मात्र बोटीनं मांडव्याला उतरलो, कारण नऊ वर्षांच्या बाईसाहेबांना नव्या घरी बोटीनंच जायचं होतं. अर्ध्या वाटेपासून तिचं एकच चाललं होतं, आपलं घर इथून दिसतं का.

घर काशीदच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत, भातशेतांच्या कडेला आहे. सारख्या दिसणाऱ्या सहा बंगल्या. बाकीच्या पाचही विकल्या गेल्यात, पण मालक सुट्टीपुरते येणारे. राहायला आलेले आम्हीच पहिले.

डोंबिवलीच्या एका बेडरूमच्या ब्लॉकमध्ये ओंकारला करोना झाला तेव्हा तो चौदा दिवस बेडरूममध्ये होता. मी लॅपटॉप वॉशिंग मशीनवर ठेवून काम करायची, पूर्वी ओट्याखाली झोपायची, आणि ताट दाराशी ठेवून मी दोन पावलं मागे सरकायची. त्याच दिवसांत आमची यादी तयार झाली. एक खोली जास्तीची हवी. तिला स्वतःचं न्हाणीघर हवं आणि बाहेर उघडणारं स्वतःचं दार हवं. दलाल स्वप्निल हसून म्हणाला होता की हल्ली सगळ्यांची यादी हीच असते. आधी लोक विचारायचे स्टेशन किती लांब, आता विचारतात शेजारी किती लांब.

ती खोली इथे मिळाली. शेतातल्या पंपाची जुनी खोली होती, जांभ्या दगडाच्या जाड भिंतींची. बिल्डरनं ती न पाडता तिला लागूनच आमचं घर बांधलं. एक दार दिवाणखान्यात, दुसरं शेताकडे. बाहेरची लोखंडी कडीसुद्धा तशीच ठेवली आहे. मी माझं टेबल तिथेच मांडलं. औषधांची माहितीपत्रकं मराठीत करायची तर अशी शांतता हवी.

२६ मे, रविवार

दुपारी एक वाजता कामाच्या खोलीच्या बाहेरच्या पायरीवर झाकलेलं ताट. आजूबाजूला कोणी नाही. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कांदा, कैरीची फोड. ताटाच्या काठावर नाव कोरलेलं, ठमाबाई. गॅस अजून जोडायचा होता, तेव्हा आम्ही तिघांनी त्यावर ताव मारला. ओंकार म्हणाला की डोंबिवलीत शेजारणीनं डबा परत केला तरी टोमणा मारून करायची.

ताट घासून पायरीवर ठेवलं. रिकामं परत करू नये म्हणून त्यात चमचाभर साखर घातली. आईनं लावलेली सवय.

संध्याकाळी ओंकार न्हावा शेव्याला परत गेला. बंदरातली नोकरी आहे, आठवडाभर तिथे मित्राच्या खोलीवर राहायचं आणि शनिवारी यायचं असं ठरलं आहे.

२८ मे, मंगळवार

काल सोनाबाई, आज कमळ. ताटं रोज वेगळ्या घरची, वेळ मात्र ठरलेली. आज सुक्या जवळ्याची चटणी होती. पूर्वी आधी नाक मुरडून मग दोन भाकऱ्या खाऊन बसली. मी रोज साखर घालून ताट ठेवते, तासाभरात कोणीतरी नेतं. दार उघडून पाहावं तर बांधावर पाठमोरी बाई लगबगीनं जाताना दिसते. हाक मारली तर पदर डोक्यावर घेऊन आणखी जोरात चालते.

कालपासून वाडीतल्या भागुबाई कामाला येतात. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, हात चलाख. कामाच्या खोलीचा केर मात्र उंबऱ्यापर्यंतच काढतात. आत काय साप आहे का, असं मी चेष्टेनं विचारलं, तर म्हणाल्या की आतलं तुमचं तुम्हीच बघा. ताटांबद्दल विचारलं की ही कोण ठेवतं. त्यांनी पायरीवरच्या ताटातली साखर बराच वेळ पाहिली, वाकून पायरीला हात लावला आणि कपाळाला लावला.

३० मे, गुरुवार

कालच्या ताटावर भागुबाईंचंच नाव. त्यात उकडलेलं अंडं आणि गूळही होता. मी आज त्यांना म्हटलं, मावशी, कालचं ताट तुमचंच होतं ना. त्या लादी पुसत राहिल्या.

दुपारी दोनला ऑफिसची मीटिंग होती. मध्येच पुण्याहून साक्षी म्हणाली की राही, मागे कोणी ताट वाजवतंय का, माइक बंद कर. इथे पूर्ण शांतता होती. पूर्वी अंगणात झोपाळ्यावर. मी माइक बंद केला.

१ जून, शनिवार

ओंकार आला. पूर्वीला पाहताक्षणी म्हणाला, ही वाळली कशानं. मी रोज पाहते म्हणून मला दिसलं नव्हतं. गेल्या रविवारी घट्ट होणारा फ्रॉक खांद्यावरून उतरतोय. आणि खायला तर ती सारखं मागते. आज एकटीनं चार भाकऱ्या खाल्ल्या आणि पोट धरून बसली की अजून भूक आहे. माझ्याही बांगड्या मनगटावरून घसरतायत. मी म्हटलं, पाणी बदललंय म्हणून असेल. ओंकार म्हणाला, सोमवारी अलिबागला डॉक्टरला दाखव.

३ जून, सोमवार

डॉक्टर म्हणाले जंत असतील. गोळ्या दिल्या.

आता मलाही ऐकू येतं. स्टीलच्या ताटावर चमचा मारावा तसा एक ठोका, जेवणाच्या वेळेनंतर. मी दिवाणखान्यात असले की खोलीतून येतो. खोलीत गेले की येत नाही. आज टेबल पुढे ओढून मागची भिंत पाहिली. नव्या गिलाव्याला गुडघ्याच्या उंचीवर बारीक चंद्रकोरीसारखे पोचे पडलेत. पुष्कळ आहेत. बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथे.

लॅपटॉप दिवाणखान्यात आणला.

५ जून, बुधवार

जसं घडलं तसं लिहून ठेवते.

ताट आणणाऱ्याला गाठायचंच म्हणून एक वाजायच्या आधी बाहेरचं दार उघडून उभी राहिले. भागुबाई ताट घेऊन आल्या. बरोबर वाडीतले मोरूकाका, ज्यांनी ही जमीन बिल्डरला विकली ते. त्यांच्या हातात नारळ होता. मला पाहून म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"बाय, तुमचा पायगुण चांगला. तीन वर्सं या ताटाला मुंगीबी लागली न्हाय. कावळा न्हाय, कुत्रा न्हाय. अवंदा त्यानं जेवून, धुऊन ठेवलंन. वर साखर ठेवलीन. माफ केलंन आमाला."

मी म्हटलं, "काका, साखर मी ठेवली. ताटं आम्ही जेवलो."

भागुबाई पायरीपासून दूर जाऊन मातीत बसल्या. मग त्यांनीच सांगितलं.

चार वर्षांपूर्वी, लॉकडाऊनमध्ये, मोरूकाकांचा पुतण्या प्रज्योत कळंबोलीहून चालत आला. वाडीनं ठरवलं होतं की बाहेरून येईल त्यानं चौदा दिवस पंपाच्या खोलीत राहायचं. पोरगा रात्रीबेरात्री घरी पळून येईल म्हणून बाहेरून कडी घातली. दाराच्या खालची फळी काढून ताट आत सरकवायचं. सात घरांनी सात वार वाटून घेतले. जवळ थांबून विचारायला लोक भीत, म्हणून खूण ठरली की जेवण पोचलं की त्यानं ताटावर एक ठोका द्यायचा. ठोका ऐकला की वाडी निर्धास्त.

नवव्या दिवशी वादळ आलं. बुधवार. कोणाच्या घरावर छप्पर राहिलं नाही, झाडं पडून वाटा बंद झाल्या. ज्याचा वार चुकला त्याला वाटलं, दुसऱ्यानं दिलं असेल.

"बुधवार माझा व्हता, ताई," भागुबाई म्हणाल्या. "पन तो वाजवत व्हता. चार दिस वाजवत व्हता, मग थांबला तो कायमचा. समद्यांनी ऐकलं. आमाला वाटलं, जेवला."

दरवर्षी त्याच चौदा दिवसांत ती सात घरं ताट आणून ठेवतात. मी विचारलं, आम्हाला का नाही सांगितलं. मोरूकाका खाली बघत म्हणाले की असली गोष्ट कोणी कोणाला सांगायची.

दहा ताटं. आम्ही त्याची दहा ताटं खाल्ली.

आजचं तसंच ठेवलं. ओंकारला फोन केला. तो म्हणाला, उद्या सकाळी निघतो, बॅगा भरून ठेव.

६ जून, गुरुवार

बॅगा दाराशी. ओंकार वडखळच्या वाहतुकीत अडकला होता. मी गॅस बंद करायला आत गेले, तेवढ्यात —

पूर्वी कामाच्या खोलीत आहे. दोन्ही दारं बंद. आतून कडी नाहीच, बाहेरची निघालेली, तरी दार हलत नाही. खिडकीतून पाहिलं तर खोली रिकामी. पण आतून तिचा आवाज येतो. आई, मला खूप भूक लागलीय.

ओंकार आला. सुतार आणला. सुताराची पटाशी मोडली, लाकडावर ओरखडासुद्धा नाही. पोलिसांनी खिडकीतून पाहिलं आणि मुलगी बाहेर कुठे खेळत असेल म्हणून शेतं शोधायला निघून गेले.

दाराखालची जुनी फळी तेवढी सरकली; तिथून सरकवलेलं ताट आत गेलं. ठोका वाजला. मी दाराला कान लावला. पूर्वी पुटपुटली, आई, मला नाही मिळालं.

७ जून, शुक्रवार

आज तिचा आवाज बारीक झालाय.

मोरूकाकांनी दाराशी डोकं टेकवलं. पोरा, मी कडी घातली, मला घे, म्हणाले. काही झालं नाही. भागुबाई म्हणाल्या, माझा बुधवार, मला घे. काही नाही.

मला कळलं. त्यांनी दिलं नाही, पण खाल्लं आम्ही. आणि लेकीला वाढलं ते मीच.

ओंकारनं हात धरला होता. मी सोडवून घेतला. दाराला तोंड लावून म्हटलं, ताटं मी खाल्ली, साखर मी ठेवली, तिचे दिवस मी भरते. दार एका माणसापुरतं उघडलं. मी आत शिरले. पूर्वी माझ्या अंगाखालून बाहेर गेली. पिसासारखी हलकी. दार मिटलं.

वही कमरेला खोचलेली होती. पेन टेबलावरच होतं.

पूर्वी बाहेर आहे. तेवढं पुरे आहे.

८ जून

इथून त्यांचं बोलणं ऐकू येतं. लेकीचा आवाज बाहेर यायचा, माझा मात्र त्यांना जात नाही. वाडीनं वार लावलेत. आज ओंकारनं स्वतः ताट सरकवलं. वरण-भात, वर तूप. मी हात पुढे केला, ताट माझ्या हाताखालून भिंतीकडे गेलं. कोपऱ्यात —

मग ठोका. ओंकार बाहेर रडला. जेवली, म्हणाला. ती नाही जेवली, असं पूर्वी सांगत होती; तिचं कोणी ऐकलं नाही.

९ जून

तसंच. न्हाणीघराच्या नळाला पाणी नाही. कोपऱ्यात तो बसलाय असं वाटतं, नीट दिसत नाही. पाठ माझ्याकडे. खाताना आवाज करत नाही.

दहा ताटं झाल्यावर थांबेल का. दहा दिवस मी —

१०

ओरडले. दार बडवलं. भागुबाई पायरीवर होत्या, शांत होत्या. ओंकारला म्हणाल्या, काळजी करू नका, आज दोनदा वाजलं, भूक चांगली हाय त्यांना.

दुसरा ठोका माझा होता. मी चमच्यानं मारला. कोणीतरी यावं म्हणून. तोही असाच —

त्यानंही असंच केलं असेल.

११

उभं राहवत नाही. विचार केला. ठोका आला नाही तर ते घाबरतील. दार फोडतील, छप्पर काढतील. ताट त्याच्या हाती लागू द्यायचं नाही. फळीशी आडवी पडले आहे. ताट आलं की अंगाखाली धरायचं.

धरलं. भात गरम आहे. धरलंय मी. वाजू देणार नाही.

बाहेर शांत. ओंकार म्हणाला, आज आवाज का नाही. पुन्हा म्हणाला. चालत येतोय — राही, राही करतोय —

वाजलं. ताट माझ्या अंगाखाली आहे आणि वाजलं. भिंतीवर. नुसत्या बोटांनी.

ओंकार थांबला. हसला. परत चालला —

पूर्वी नाही गेली, फळीखालून दिसतेय. ती आत राहून गेलीय, ठोका म्हणजे जेवण नव्हे हे तिला माहीत आहे. तिनं स्वतःची भाकरी उचललीय. बाहेरच्या दाराकडे येतेय. कोपऱ्यातला उठला. दाराशी जाऊन उभा राहिलाय, माझ्या पुढे. दार हलतंय. तिच्यासाठी उघडतंय. पूर्वी, भाकरी टाक आणि पळ, आधी हात त्याचा येतोय, माझा नाही —