टाचणीएवढा उजेड

२४ सप्टें., बुध.
दहावं पॅनेल पास. सर चारचौघांत म्हणाले, हे शांताक्काच्या हाताचं श्रेय. शांताक्का अळणावरकडच्या खेड्यातली, शिक्षण चौथी. सुभाष रोडवर पेढ्यांची खोकी बांधायची. सरांनी तिथं तिच्या कागदाच्या घड्या पाहिल्या आणि तिला उचलून धारवाडच्या या प्रयोगशाळेत पॅनेलं बांधायला आणलं. मी एम.एस्सी. फिजिक्स, पहिला वर्ग. मी फक्त मोजते. यापुढे तिला शां. लिहिणार, सबंध नाव लिहायचा कंटाळा.

२६ सप्टें., शुक्र.
केशवापूरला घरी. आईने पुन्हा विचारलं, तुमी तिथं नेमकं करता काय गं? सांगितलं. न्यूट्रिनो नावाचा कण, जमिनीखालच्या मोठ्या यंत्रात क्वचित कधीतरी सापडतो. आणि आकाशातून म्युऑन नावाचे दुसरे कण सतत कोसळत असतात. छत, डोंगर, माणसं, सगळ्यांतून आरपार. यंत्रात शिरून घोटाळा करतात. म्हणून यंत्राभोवती आमची पॅनेलं. म्युऑन गेला की आतलं प्लास्टिक किंचित उजळतं, पॅनेल ओरडतं, म्हणजे मोजणीचा आकडा एकाने वाढतो, तेवढी नोंद बाजूला काढायची. बाहेरचा उजेड आत गेला तर मात्र ते उगीचच ओरडत सुटतं. म्हणून आधी पांढरा कागद, वर काळा, कडा घट्ट.
आई म्हणाली, "म्हंजे बांधायचं काम."
हो. एवढं शिकून बांधायचं काम, आणि तेही माझ्या वाट्याचं नाही.

२९ सप्टें., सोम.
बाराही झाली. पुढच्या आठवड्यात त्या न्यूट्रिनोच्या प्रयोगाची माणसं तपासायला येणार. सरांनी शां.ला सांगितलंय, पॅनेलं पास झाली की कायम नोकरीसाठी तुझं नाव पाठवतो. तेव्हापासून ती जेवणाच्या सुट्टीतसुद्धा टेकत नाही. पुसलेलं पुन्हा पुसते. बघून डोकं उठतं.

१ ऑक्टो., खंडेनवमी.
आयुधपूजा. मीटर, सोल्डरिंग गन, सरांची स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू. सरांना अहवालासाठी फोटो हवा, पॅनेलांना हार घातलेला. स्वतः मात्र गेले घरच्या पूजेला. शां. दोऱ्याने हार बांधत बसली, ते लोंबायला लागले. मी टाचण्या काढल्या.
"मॅडम, टाचणी नगं. आत जाईल."
"कडेला दुहेरी घडी आहे. मला शिकवू नकोस."
मग तिनेच हार धरला आणि मी टोचल्या. चार पॅनेलांवर फुलं संपली. फोटो झकास आलाय.

६ ऑक्टो., सोम.
पाहुणे आले. खोलीतले दिवे बंद, बाराही पॅनेलांचा आकडा जिथल्या तिथे. दिवे लावले आणि चार पॅनेलं पिसाळली. बंद केले, शांत. लावले, पुन्हा तेच. मुख्य बाई म्हणाल्या, बांधणी कच्ची आहे. चहा न घेताच गेल्या. उरलेल्या आठांकडे कुणी बघितलंही नाही.
सर कानडीत एवढंच म्हणाले, "यारु माड्यार?" कुणी केलं हे.
मी म्हटलं, उद्या शोधून सांगते. शां. दारात उभी होती, माझ्याकडे बघत. तिला तेव्हाच कळलं असणार. मला तर आकडा पळायला लागला तेव्हाच कळलं होतं.

७ ऑक्टो., मंगळ.
खोली अंधारी केली, टॉर्च घेऊन एकेक कड तपासली. वरच्या कडेला, वीत-वीत अंतरावर, टॉर्च नेला की आकडा उसळी मारतो. टाचण्यांच्या जागा. एकही चुकली नाही.
काळ्या टेपचे तुकडे लावले, दिवे लावले. पास. इतकं सोपं.
मग कोपऱ्यांवरही टेप लावली. तिथे काहीच नव्हतं. तरी का लावली ते मला नीट माहीत आहे.

८ ऑक्टो., बुध.
अहवालात लिहिलं, कोपऱ्यांच्या घड्या सैल, दुरुस्त केल्या. सरांनी शां.ला आत बोलावलं. मीही होते.
सर म्हणाले, "अक्का, तुझ्या हातून असं कसं झालं?"
ती माझ्याकडे बघत राहिली. मी रजिस्टर चाळत होते. मग म्हणाली, "बांधणी माझ्याच हातची हाय, सर. आनी काय सांगू."
टाचणीचं नाव काढलं नाही. मला संताप आला. तिने सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. सरांनी माझंच खरं मानलं असतं आणि विषय मिटला असता. गप्प बसून तिने मला ताटकळत ठेवलं. गरिबांचा हा मोठेपणा मला सहन होत नाही.

१० ऑक्टो., शुक्र.
सर शां.चं नाव पाठवणार नाहीत. करारही वाढवणार नाहीत. बारा पॅनेलं मात्र पुन्हा तपासून गेली, वीस नव्यांची मागणी आली, सर खुशीत.
शां. निघताना माझ्या टेबलापाशी आली.
"मॅडम, कोपरं खरंच सैल हुती?"
मी म्हटलं, "हो."
नोकरी गेली तेव्हा तिचा चेहरा हलला नव्हता. आत्ता उतरला. "असंल," म्हणाली, "वय झालं," आणि गेली. पेढ्याच्या दुकानात तिच्या जागी केव्हाच दुसरी बाई आहे, हे मला ठाऊक होतं.

२७ ऑक्टो., सोम.
दिवाळी संपली. शां.च्या जागी डिप्लोमाच्या दोन मुली. कागद असा धरतात जणू चावेल. मी करून दाखवलं. माझा कोपरा त्यांच्याहून वाईट. एक जण हसली. तिला दुपारभर स्टोअरच्या कपाटातले स्क्रू निवडायला बसवलं.

३ नोव्हें., सोम.
नवी पाच पॅनेलं तपासली. पाचही नापास, आणि यावेळी टाचण्या नव्हत्या.
सर म्हणाले, "जा, अक्काला घेऊन ये. कायमसाठी नावही पाठवतो म्हणून सांग. झाली असेल एखादी चूक, माणूसच आहे."
मी मान डोलावली.

५ नोव्हें., बुध.
अळणावरची बस, पुढे चालत. शां. अंगणात शेंगा फोडत होती. बोटांना माती. दुसऱ्यांच्या शेंगा, मजुरीवर. तिने पाणी दिलं, चहा ठेवला. सरांचा निरोप सांगितला. तिने पदराने तोंड पुसलं, बराच वेळ.
"येतो की. पर आदी सरास्नी सांगा, कोपरं सैल न्हवती म्हून."
"आणि टाचण्यांचं?"
"त्ये तुमचं तुमी बगा. मी घरात पेपर घिऊन कितींदा दुमडून बगितलं, मॅडम. सैल न्हाईत. माजं तेवडं सांगा."
कोपरे सैल नव्हते म्हटलं की सर विचारणार, मग उजेड कुठून शिरला? हे तिला कळत नाही की चांगलंच कळतं, मला सांगता येत नाही. मी "बघते" म्हटलं. तिने नवा फोन नंबर लिहून दिला, शेंगांची पिशवीही दिली. पिशवी बसमध्येच ठेवून उतरले.

६ नोव्हें., गुरु.
सकाळी सरांना सांगितलं, ती नाही म्हणते, घरच्या कामात अडकली आहे. बोलताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही. माझी मलाच लाज वाटली, पण नंतर.
सर म्हणाले, "नंबर आहे का? मीच बोलतो."
दिला. त्यांनी माझ्यासमोरच लावला, स्पीकरवर. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. "रानात गेली असेल," सर म्हणाले, "सहाला लावतो. तूही थांब, तुझं ऐकेल ती."
आता साडेचार. सर खोलीत एकटेच आहेत, दार उघडं. मी दोनदा उठले. एकदा त्यांच्या दारापर्यंत गेले. त्यांनी मान वर करून विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही सर, चहा सांगू का?"
चहा आला. प्यायले. पाच वाजले.