नलूचा हातोडा

१२ जाने. १९६४, रवि.
सकाळी तुरीची डाळ निवडली. लहानपणी नलू अशीच समोर बसायची. मी खडे टाकायचे, ती फ्रॉकमध्ये गोळा करायची. हे म्हणायचे, "डाळ आपल्याला, खडे हिला." आज हे असते तर...
भूगर्भशास्त्राची पदवी, वर शिक्षकीची बी.टी., आणि पोरगी शाळेत तात्पुरती भूगोलाची बाई. कायम करतील का?
डॉक्टर म्हणतात, पुढच्या महिन्यात नागपूरला माझं ऑपरेशन. नलूला सांगितलेलं नाही.

१५ जाने., बुध.
नवीनच घोर. नलूने शाळेतल्या मुलींना कळंबच्या वाटेवर नाल्याकाठी नेलं आणि खडक दाखवायला हातोड्याने एका काळ्या दगडाचा टवका काढला. पलीकडून शेंदूर होता. बंजाऱ्यांच्या तांड्याचा देव. शाळेत बोभाटा.

१६ जाने., गुरु.
नारळ घेऊन दोघी तांड्यावर गेलो. तांड्याचे प्रमुख, म्हाताऱ्या नाईकांनी टवका हातात घेतला.
"काहून फोडला, बाई?"
नलू म्हणाली, "आतून कसा आहे ते मुलींना दाखवायचं होतं."
"मंग? कसा हाय?"
तिने उन्हात धरून आतले पांढरे स्फटिक दाखवले. नाईकांनी बायकोला हाक मारली, "पाह्य वो, आपला देव आतून चमकते. आपन बाहेरूनच शेंदूर फासून राह्यलो." मग नलूला, "तुमच्याजवळच ठेवा. होळीले आना, पूजा करून बसवू."
येताना रडू आलं. मला, तिला नाही.

१८ जाने., शनि.
शाळेचे सेक्रेटरी येऊन गेले. कायम करतील, पण पुस्तकातूनच शिकवायचं, हातोडा घरी. सोमवारी उत्तर हवं.
तिकडे वणीकडच्या कोळशाच्या सर्व्हेतून विचारणा आहे, बाईमाणूस तंबूत राहील का? त्यांनी सरळ नाही म्हटलेलं नाही, हेच नवल.
नलू म्हणाली, "आई, तू सांगशील तसं." हीच तर भीती. ऑपरेशनचं कळलं की ती शाळाच धरेल. आणि मला तेच हवंय. देवा, मला तेच हवंय.

१९ जाने., रवि.
अजून सांगितलं नाही. उद्या शाळेला निघताना तिने विचारलं तर तोंडून काय निघेल, भरवसा नाही.
नागपूरला काही बरंवाईट झालं तर:
शिवणाचं मशीन माझ्या धाकट्या बहिणीला, कुसुमला. तिने विकू नये.
टवका नाईकांना, होळीला. नलूनेच न्यावा.
नलूने नाल्यातून आणलेले बाकीचे दगड शाळेतल्या मुलींना, सेक्रेटरींना न विचारता.
ह्यांचा गरम कोट नलूला. तंबूत थंडी फार असते म्हणतात. बाह्या आज आखूड केल्या. टाके वाकडे पडलेत, मला शिवण शिकवणाऱ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी उसवायला लावले असते.