जंताच्या औषधाची सरासरी

कोल्हार, ता. २१ जानेवारी १९७१

रा. रा. सहादेव दाजी यांच्या सेवेशी, मेव्हणा कारभारी याचा कोल्हारहून दंडवत. बनुआक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आपला गुडघा आता कसा आहे ते कळवावे. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. मागच्या मंगळवारी हेच वाक्य लिहायला मला जरा जड गेलं असतं, म्हणून आठ दिवस थांबून लिहितो आहे.

आपल्या कानावर मी दारू प्यायला लागल्याची बातमी आली असेल. (कोल्हारचा आठवडेबाजार संपायच्या आत ती संगमनेरला पोचते, हे मला ठाऊक आहे.) तर दाजी, मी थेंबालाही शिवलो नाही. मी प्यालो ते जंताचं औषध, आणि तेही हिशेब करून.

झालं असं, की आमची विजयमाला पाच वर्षांची झाली तरी अंगाला काही लागेना. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काडीसारखे, आणि झोपेत दात खायची. आई म्हणाली दृष्ट लागली. तिने मीठमोहऱ्या उतरवल्या, मग वावडिंगाचा काढा पाजला, तो पोरीने माझ्या धोतरावर ओकला. शेवटी पोरीची आई, चांगुणा, हट्टाला पेटली आणि आम्ही पोरीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट चाचपलं, जंत आहेत म्हणाले, आणि नारिंगी औषधाची मोठी बाटली दिली. घरात एकाला असले म्हणजे बाकीच्यांनाही असतात, तेव्हा सगळ्यांनी घ्या म्हणाले. किती किलोला किती चमचे, तेही चिठ्ठीवर लिहून दिलं. पोरीचं मात्र नीट वजन करूनच द्यायचं, असं दोनदा बजावलं. आणखी काही चांगुणाशी बोलत होते, पण तेव्हा मी चिठ्ठी वाचत होतो.

आता वजन कुठे करायचं? वाण्याच्या ताजव्यात बसायला आई तयार होईना. (तिचं म्हणणं, ताजव्यात बसायला मी काय मिरची आहे?) तेव्हा मला कारखान्याच्या वजनकाट्याची आठवण झाली. ऊस घालायला मी जातोच. मंगळवारी रिकामी गाडी काट्यावर घातली, मग आई, चांगुणा, विजयमाला, गडी बन्सी आणि मी असे पाचजण तिच्यात बसलो. मागे उसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि लोक आमच्याकडे बघत होते, पण काट्यावरचा माणूस ओळखीचा निघाला. रिकाम्या गाडीचं वजन वजा जाता दोन क्विंटल चाळीस किलो भरलं. (आईच्या मांडीवर मावशीकडे द्यायचा भोपळा होता, तो मी वजा केला नाही. आईने सोडला नाही.) भागिले पाच, म्हणजे माणशी अठ्ठेचाळीस किलो. सातवीपर्यंतचं गणित असं उपयोगी पडतं, असं मी वाटेत बन्सीला समजावूनही सांगितलं.

घरी आल्यावर चिठ्ठीत अठ्ठेचाळीस किलोपुढचे चमचे मोजले आणि पाच वाट्या भरून ओळीने मांडल्या. चांगुणाने विजयमालाच्या वाटीकडे बोट दाखवलं.

"पोर अठ्ठेचाळीस किलोची हाय व्हय?" ती म्हणाली.

मी तिला सरासरी म्हणजे काय ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं, वाटी उचलून फडताळात वर ठेवली आणि म्हणाली, आधी तुम्ही घ्या, मग बघू. मी घेतली. गोड लागली. आई म्हणाली, माझ्या पोटात जे असेल ते माझ्याबरोबर जाईल. बन्सीला त्या दिवशी अचानक उपास निघाला. औषध वाया जायला नको आणि घरच्या कर्त्याने पाऊल मागे घेऊ नये, म्हणून त्या दोघांच्या वाट्याही मीच घेतल्या.

तासाभराने भाजी आणायला बाजारात गेलो आणि रस्ता हलायला लागला. समोर एकाला दोन दोन माणसं दिसायला लागली आणि मी दोघांनाही रामराम करत गेलो. भेळवाल्याच्या पाटीजवळ ओकलो. पुढे पाय चालेनात, तेव्हा लोकांनी धरून बसवलं आणि घरी निरोप गेला. चांगुणा गाडी जुंपून घेऊन आली. भर बाजारातून मला आडवा घालून दवाखान्यात नेलं. आई मागून येत होती आणि आमच्या सात पिढ्यांत हे असं कुणी केलं नव्हतं, हे दुतर्फा सांगत होती.

डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत मला तिथेच निजवून ठेवलं. गुंगी उतरल्यावर जवळ बसून हळू आवाजात म्हणाले, "कारभारी, तुम्ही दांडगे म्हणून निभावलं. हाच तिप्पट डोस पोरीच्या पोटात गेला असता तर मला तुमच्याशी वेगळं बोलावं लागलं असतं."

दाजी, मी आधी चांगुणाला फडताळातली ती वाटी ओतून टाकायला सांगितलं.

मग मी चांगुणाला विचारलं, तू तुझी वाटी का घेतली नाहीस? ती खाली बघून म्हणाली, "डॉक्टरांनी इचारलं हुतं, दिवस गेलेत का. मी व्हय म्हनले. तवा त्यांनी मला घ्यायचं न्हाई म्हनून सांगितलं. तुमी चिठ्ठी वाचत हुता."

अशी मला ती बातमी दवाखान्याच्या खाटेवर कळली.

बुधवारी चांगुणाने विजयमालाला वाण्याच्या ताजव्यात बसवलं. सोळा किलो. डॉक्टरांच्या देखत तिला तिच्यापुरतं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी चार जंत पडले, वीत वीतभर. आता पोर निवांत झोपते, भाकरी मागून खाते. नखं कापली आहेत, जेवायच्या आधी हात धुवायचा नियम केला आहे, बाटली कुलपात आहे. किल्ली माझ्याकडे नाही.

आपला,
कारभारी

ता. क. – पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. चांगुणाला या दिवसांत विसावा हवा. बनुआक्काला महिनाभर इकडे पाठवता येईल का?

ता. ता. क. – पत्र चांगुणाला वाचून दाखवलं. ती म्हणते, वन्संना त्रास देऊ नका. पण पुढच्या बुधवारी पोरीला दुसरा डोस द्यायचा आहे, तेवढ्या दिवसापुरतं मलाच संगमनेरला बोलावून घ्यावं. मी कबूल झालो आहे. तरी काही तातडीचं काम काढून कार्ड टाकावं. काम काय ते आधी सांगू नये, म्हणजे मलाही ते खरं वाटेल.